काचेच्या टाकीला विरजण

बोरमळ्यात दानीएलमामांना कुणी आडनावानं ओळखत नाही. "पाणीवाले मामा" म्हटलं की दूध डेअरीपासून चर्चच्या फाटकापर्यंत कुणीही त्यांचं घर दाखवतं. सुप्यापासून आत गेल्यावर लागणाऱ्या या गावाला त्यांनी सगळं कामाचं आयुष्य पाणी सोडलं. पहाटे सायकल काढायची, टेकाडावरच्या टाकीशी जायचं, जंतू मारणारी क्लोरीनची टीसीएल पावडर बादलीत कालवायची, वरची निवळी टाकीत ओतायची आणि मग एकेका आळीचा व्हॉल्व्ह फिरवायचा. सगळ्यात शेवटी कुणाच्या तरी नळाचं पाणी काचेच्या नळीत धरून त्यात ओटीच्या औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे पावडर शेवटच्या नळापर्यंत पोचली, म्हणजे गाव सुखरूप. पाणी पांढरं राहिलं तर मामा त्या दिवशी भाकरीला शिवत नसत.

शेजारच्या गावांत जुलाब-उलट्यांची साथ यायची, तालुक्याहून जीपगाड्या यायच्या. बोरमळ्यात कधी आली नाही. याचा मामांना अभिमान होता आणि तो ते झाकून ठेवत नसत. लग्नाच्या पंगतीत बसले तरी पाण्याचा पेला आधी उजेडाकडं धरायचे. वाढपी तसेच थांबायचे, यजमानाचा जीव टांगणीला लागायचा. मामांनी मान हलवून पहिला घोट घेतला की मगच पंगत पुढं सरकायची.

या पाण्याबद्दल गावात एकाच माणसाची तक्रार होती, ती त्यांच्या बायकोची. दीनाबाईंनी लग्न होऊन आल्यापासून सकाळचा पहिला चहा एकटीनं घेतला होता. नवरा परत येईपर्यंत उन्हं अंगणात उतरलेली असायची, तिची निम्मी कामं उरकलेली असायची, आणि त्याच्या हाताला टीसीएलचा असा वास असायचा की कपाच्या कानालाही तो लागायचा.

"मी लगीन तुमच्याशी केलं का पंचायतीशी?" त्या विचारायच्या.

"रिटायर होऊ दे. मग रोज संगं बसून पिऊ. शब्द हाय माझा."

तर मामा एकदाचे रिटायर झाले. पंचायतीनं शाल दिली, नारळ दिला, उपसरपंचांनी असं लांबलचक भाषण केलं की मंडपातली पोरं झोपून गेली. मुलगी आराधना नगरला शाळेत शिक्षिका. ती रिक्षातून एक काचेची पेटी घेऊन आली. चांगली दोन फूट लांब, वर झाकण, झाकणात दिवा.

"बाबा, तुम्हाला पाण्याशिवाय करमायचं नाही," ती म्हणाली. "आता एवढंच पाणी सांभाळा. मासे पाळा."

दीनाबाईंनी ती पेटी पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबलावर ठेवून घेतली. समोर दोन खुर्च्या मांडल्या, अगदी हाताला हात लागेल अशा. "आता सकाळचा चहा हितं," त्यांनी जाहीर केलं. "दोघांनी."

मामांनी मोठ्या तोंडानं हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल काढून टेकाडावर गेले.

त्याचं असं होतं की मामांच्या जागी ओंकार नावाचा माणूस लागला होता. आधी मोटारी दुरुस्त करायचा, दोन पोरांचा बाप, बोलायला मऊ, कामाला वक्तशीर. मामांचं त्याच्याबद्दल मत एवढंच, की माणूस चांगला, पण हात हलका. तो टीसीएल मापानं टाकायचा. मामांचं माप म्हणजे त्यांची स्वतःची ओंजळ, आणि तिच्यावर गावाचा जीव विसंबलेला, अशी त्यांची खात्री. टाकीच्या खोलीची एक जादा किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात राहून गेली होती. राहून गेली म्हणजे त्यांनी ती राहू दिली होती. ओंकार यायच्या आधी ते जाऊन आपली ओंजळभर पावडर कालवून, ओतून, कुलूप लावून परत यायचे.

"कुठं गेल्ता?" दीनाबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं. चहाचा एक कप रिकामा होता, दुसऱ्यावर बशी झाकलेली होती.

"फिराया. चालावं मन्त्यात ना डॉक्टर."

दीनाबाईंनी बशी उचलून कप पुढं केला. कप घेताना नवऱ्याचा हात नाकाजवळून गेला. टीसीएलचा तोच वास. त्या आपला रिकामा कप विसळायला घेऊन गेल्या. मामांनी ते न बघितल्यासारखं केलं.

माशांच्या दुकानाला तिघं मिळून गेले होते. नगरच्या एका गल्लीत मोनिका नावाची तरणी बाई ते दुकान चालवते. भिंतभर काचेच्या टाक्या, त्यांत रंगीबेरंगी मासे, सगळीकडं बुडबुड्यांची गुडगुड. दीनाबाई दोन काळ्या-पांढऱ्या एंजल माशांसमोर अशा उभ्या राहिल्या की आराधनाला त्यांना दोनदा हाक मारावी लागली.

"काका, आज मासे मिळणार नाहीत," मोनिका म्हणाली. "आधी टाकी पिकू द्यायची. वाळू धुऊन घाला, पाणी भरा, हा फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा. रोज चिमूटभर खाद्य टाका. महिना-दीड महिना थांबा."

"मासंच न्हाईत तर खाद्य कुणाला?" मामांनी विचारलं.

"टाकीला."

मामांनी मुलीकडं बघितलं. शहरातल्या दुकानदारांना माणूस खेड्यातला दिसला की चेष्टा सुचते, असं त्यांचं जुनं मत होतं. वर मोनिकानं एक छोटी बाटली दिली. "नळाच्या पाण्यातली क्लोरीन मारायचं औषध. हे टाकल्याशिवाय पाणी वापरू नका." क्लोरीन मारायचं! ज्या माणसानं जन्मभर ती पाण्यात घालायचं काम केलं, त्याच्या हातात ही बाटली. मामांनी ती अशी दोन बोटांत धरली की कुणी विंचू दिला असावा.

घरी येऊन त्यांनी आपल्या पद्धतीनं काम केलं. वाळू टीसीएलच्या पाण्यात भिजवून दाण्यादाण्याला चकाकी आणली. टाकी भरली. मोनिकाची बाटली फळीवर पार मागं, बामाच्या डब्यांच्या पाठीमागं गेली. ओटीचे थेंब टाकले तर पाणी हळदीसारखं पिवळं. "फस्क्लास!" मामा म्हणाले.

दीनाबाई सांगितल्याप्रमाणं रोज सकाळी चिमूटभर खाद्य टाकायच्या. मामा टेकाडावरून आले की चहाची गाळणी घेऊन ते वेचून काढायचे. कुजलं म्हणजे? घरात घाण पाळायची? दोघांनाही दुसऱ्याचं काम दिसत नव्हतं, त्यामुळं घरात शांतता होती. फक्त चहात अधूनमधून एखादा लाल कण तरंगायचा आणि दीनाबाई पत्तीवाल्याला शिव्या द्यायच्या.

मग एके दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं. मामांनी ताबडतोब ओटी केली. पिवळं नाही. गढूळ पाण्याला बोरमळ्यात जे प्रत्येक घरात करतात तेच त्यांनी केलं, तुरटीचा खडा घेऊन सात-आठ वेढे फिरवले, वर टीसीएलची चिमूट सोडली. दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं झालं. पुन्हा कधी जरा धुरकट दिसलं की पुन्हा तुरटी, पुन्हा चिमूट. असं करत करत महिना सरला. इतकं स्वच्छ पाणी सबंध जिल्ह्यात कुठं नसेल, असं मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला खिडकीतून दाखवायला लागले.

"महिना झाला ना?" दोघं पुन्हा दुकानात गेले तेव्हा मोनिकानं विचारलं. झाला होता. "रोज खाद्य टाकत होता ना?" टाकत होत्या. दोन्ही उत्तरं खरी होती. दीनाबाईंनी ते दोन एंजल मासे निवडले आणि फुगलेली पिशवी मांडीवर धरून एसटीनं आणली. मासे सोडण्याआधी पाणी दोन दिवस उघडं राहून त्यातली क्लोरीन उडून गेली होती, त्यामुळं ओटी पांढरी येत होती. मामांना ते पसंत नव्हतं, पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी चिमूट टाकली नाही.

एंजल म्हणजे देवदूत, म्हणून दीनाबाईंनी नावं ठेवली गॅब्रिएल आणि मीखाएल. त्या त्यांच्याशी बोलायच्या. भाकरी करता करता दोनदा उठून बघून यायच्या. संध्याकाळच्या प्रार्थनेत मुलीचं, जावयाचं नाव घेऊन झालं की त्या हळूच या दोघांचंही घ्यायच्या. मामा एक डोळा उघडून बघायचे आणि हसू दाबायचे. सकाळचा त्यांचा चहा अजून एकटीचाच होता, पण निदान समोर कुणीतरी होतं.

आठवडाही गेला नसेल, मासे वर येऊन आ वासायला लागले. कल्ले लाल दिसायला लागले. पाणी पुन्हा पांढुरकं. दीनाबाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. मामांनी ओटी केली. पांढरं! म्हणजे पाण्यात जंतू झाले, मासे आजारी पडले, सरळ होतं. गावात कुणी आजारी पडू नये म्हणून जन्मभर जे केलं तेच त्यांनी आता केलं, आणि खरं सांगायचं तर नेहमीपेक्षा जास्त मायेनं केलं. पावडर वाटीत कालवली, निवळी फडक्यातून गाळली आणि हलक्या हातानं टाकीत सोडली. "आता बघ कसं टुनटुनीत हुत्यात," ते म्हणाले.

सकाळी गॅब्रिएल आणि मीखाएल दोघंही आडवे तरंगत होते.

मामांनी पेरूच्या झाडाखाली खड्डा घेतला. दीनाबाई दारातच उभ्या होत्या, त्या खड्ड्यापर्यंत आल्या नाहीत. मग आत गेल्या आणि त्यांनी आपली खुर्ची उचलून टाकीकडं पाठ करून ठेवली.

"आता नगं," त्या म्हणाल्या. "परत आनू नका. मला न्हाई बघवत."

मामांना फार वाईट वाटलं. माशांचं वाटलंच, पण त्या फिरवलेल्या खुर्चीचं जास्त. तिला जन्मात एक गोष्ट हवी होती, सकाळी शेजारी कुणीतरी, आणि तीही त्यांनी दोन माशांवर भागवली होती. आता तीही गेली.

त्यात गाव. गावाला असली बातमी म्हणजे पर्वणी. "पाणीवाल्या मामांच्या पाण्यानं मासं मेलं!" डेअरीवर हसून हसून लोकांच्या कॅनमधलं दूध सांडलं. मामा ते ऐकून घेत होते, पण शेजारच्या झुंबरबाईंनी जे म्हटलं ते त्यांना बोचलं. म्हातारी ओट्यावर बसून डाळ निवडत होती. "दानीएल, हसायचं न्हाई, पन पानी कायतरी बिघडलंय बाबा," ती म्हणाली. "हल्ली चहाला बी वास येतो. त्यो ओंकार काय घालतो त्यात, विचार त्याला. आमी तर लई शिव्या घातल्या त्याला परवा."

मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पाणी बिघडलं, आणि तेही बोरमळ्याचं? त्यांनी टाकीतलं पाणी एका बाटलीत भरलं, घरच्या नळाचं दुसऱ्या बाटलीत, आणि त्या दुकानदारणीला फैलावर घ्यायला ते नगरला निघाले. दीनाबाईंना डॉक्टरला डोळे दाखवायचे होते, त्या सोबत होत्या. दुकानात त्या स्टुलावर बसल्या, तिथंही भिंतीकडं तोंड करून.

"मासं आजारी दिलं तुमी!" मामा गरजले.

मोनिका चिडली नाही. तिनं टाकीच्या पाण्यात थेंब टाकले, बघितलं, भुवया उंचावल्या. मग एकेक विचारत गेली आणि मामा छाती पुढं काढून सांगत गेले. वाळू टीसीएलनं धुतली. खाद्य वेचून काढलं. तुरटी फिरवली. पाणी पांढरं झालं की चिमूट टाकली.

"खाद्य येचून काडलं?" भिंतीकडून आवाज आला. "कशानं?"

मामांची छाती थोडी आत गेली. "गाळनीनं."

"चहाच्या?"

मोनिकानं मध्ये पडून पुढची वेळ निभावली. "काका, तुमचं काही वाईट नव्हतं मनात. पण तुम्ही पाणी मारून टाकलंत. हे बघा, माशांचं खाणं, हगणं-मुतणं सगळं त्याच पाण्यात. त्याचं विष होतं. ते विष खाणारे चांगले जंतू असतात, आणि त्यांचं उरलेलं खाणारी दुसरी जात असते. ते फिल्टरच्या स्पंजात, वाळूत घर करून राहतात. त्यांना वाढायला वेळ लागतो, म्हणून महिनाभर रिकाम्या टाकीला खाऊ घालायचं. पाणी मध्ये पांढरं होतं, ते होऊ द्यायचं. तुम्ही दर वेळी सगळे जंतू मारून पहिल्यापासून सुरू केलंत."

"जंतू पाळायचे?" मामांचा आवाज चिरकला. "घरात? मी?"

"अहो, मग दही काय हाय?"

दीनाबाईंनी स्टूल फिरवलं होतं. "दूध उकळून उकळून निर्जंतूक केलं आनि तसंच ठिवलं, तर दही लागंल का? विरजान लागतं. ऊब लागती. आनि सारखं झाकन काडून ढवळायचं न्हाई." त्या मोनिकाकडं वळल्या. "व्हय ना, पोरी? असंच ना?"

"मावशी, एवढं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही," मोनिका म्हणाली.

"मग विरजान दे की तुझ्याकडचं."

मोनिकानं आपल्या जुन्या टाकीच्या फिल्टरमधला एक तुकडा कापला. काळपट, बुळबुळीत स्पंज, धुतल्याशिवाय दुसऱ्याच्या घरी देऊ नये असा. दीनाबाईंनी पिशवीतला जेवणाचा स्टीलचा डबा रिकामा केला, त्यात तो स्पंज त्याच टाकीच्या पाण्यासकट घेतला. मोनिकानं विष मोजायच्या दोन बाटल्याही दिल्या. "पहिल्या नळीत पिवळं आणि दुसरीत आभाळी निळं आलं पाहिजे. दोन्ही आलं की या."

निघताना तिला नळाच्या पाण्याची बाटली दिसली. तिनं त्यात क्लोरीन तपासायचं औषध टाकलं आणि ते पाणी बघून म्हणाली, "बाप रे. तुमच्या गावात एवढी पावडर कोण टाकतं? दोघं जण टाकतात का?"

मामांनी रुमाल काढून तोंड पुसलं. दीनाबाई डब्याचं झाकण बसवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

एसटीत मामांच्या मांडीवर तो डबा होता. सबंध गावाचं पाणी ज्यानं निर्मळ ठेवलं, तो माणूस काळ्या घाणीचा डबा दोन्ही हातांनी धरून, खड्डा आला की वर उचलून, जपत जपत सुप्यापर्यंत आला. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय रस्सा का?" मामा म्हणाले, "विरजान." आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

ते जंतूंचा विचार करत नव्हतेच. दोघं जण टाकतात का, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी ते टेकाडावर गेले, पण आत गेले नाहीत. बाहेर दगडावर बसून राहिले. ओंकार आला, त्यानं मामांना नमस्कार केला, वजनकाट्यावर पावडर मोजली, कालवली, निवळी ओतली. मामांनी सगळं डोळ्यांनी बघितलं. हात हलका नव्हता. माप बरोबर होतं.

"ओंकार, ओटी किती येती रं हल्ली?"

ओंकार अवघडला. "मामा, लई गडद येती. मी आपलं वाईच कमी बी करून बघितलं, तरी गडदच. लोक शिव्या देत्यात, चहात औषिद घालतो म्हन्त्यात. मला वाटलं पावडरच कडक आली आसंल. तुमाला इचारनार हुतो, पन म्हटलं मामा म्हन्तील, ह्याला एवढं बी जमत न्हाई."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यावर विश्वास नव्हता तो माणूस त्यांच्या ओंजळीपायी गावाच्या शिव्या खात होता, आणि वर त्यांनाच घाबरत होता. त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"ती पावडर मी टाकायचो," ते म्हणाले. "तुझ्या आदी येऊन. आजपातूर."

ओंकारनं किल्लीकडं बघितलं, मामांकडं बघितलं. मग तो जो हसत सुटला तो खाली बसला. "म्हंजी मामा, झुंबरबाईनं मला भर चौकात झापलं, ते तुमच्या वाटनीचं?"

"सांगतो मी तिला," मामा म्हणाले. आणि खरंच त्यांनी जाताना ओट्याशी थांबून म्हातारीला सांगितलं. तिनं त्यांनाही व्यवस्थित झापलं. डाळ शिजत नाही, हाही आरोप त्यात ऐनवेळी वाढला. गावाला आणखी महिनाभराचा मजकूर मिळाला.

घरी दीनाबाईंनी विरजण लावायला घेतलं होतं. जुनं पाणी काढून टाकलं, नवं भरलं, बामाच्या डब्यांमागून मोनिकाची बाटली काढून मोजून थेंब घातले, काळा स्पंज फिल्टरमध्ये बसवला. गाळणी आणि टीसीएलचा डबा कुठं गेला ते मामांना आजतागायत समजलेलं नाही. "तुमी हात लावायचा न्हाई," एवढंच फर्मान होतं. "बसायचं."

बसणं हे मामांनी कधी केलेलं काम नव्हतं. पहाटे सवयीनं जाग यायची, पायांना सायकल आठवायची. ते येऊन टाकीसमोर आपल्या खुर्चीत बसायचे. दीनाबाई चहा आणायच्या, आपल्या पाठमोऱ्या खुर्चीत बसायच्या आणि दाराकडं बघत चहा प्यायच्या. चहा एका वेळी, पण तोंडं दोन दिशांना. तरी पहिल्या दिवशी कप देताना नवऱ्याच्या हाताला टीसीएलचा वास आला नाही, तेव्हा त्यांचा हात जरासा थांबला होता.

टाकीत दीनाबाई रोज खाद्य टाकत होत्या आणि ते कुजत होतं. पाणी पांढुरकं झालं. मामांचे हात शिवशिवले, ते त्यांनी मांडीखाली दाबून धरले. काचेवर तपकिरी थर आला. मामांनी डोळे मिटून घेतले. एकदा तर ते नुसती दाढीनंतर गालाला फिरवायला म्हणून तुरटीच्या खड्याशी गेले, तरी आतून आवाज आला, "ठिवा तो हितं!"

त्यांचं एक काम मात्र निघालं. गावात लाईट गेली की फिल्टर बंद पडायचा. स्पंजातल्या जंतूंना हवा लागते, मोनिकानं फोनवर सांगितलं. तेव्हा मामा तांब्या घेऊन उठायचे. टाकीतलंच पाणी घ्यायचं, उंचावरून बारीक धार धरायची, पुन्हा घ्यायचं, पुन्हा धरायची. लाईट येईपर्यंत ते थांबत नसत. जन्मभर जंतू मारले आणि आता त्यांना वारा घालतोय, असं म्हणून ते स्वतःच खुदकन हसायचे. अशा वेळी दीनाबाईंची खुर्ची किंचित वळलेली असायची. पूर्ण नाही, पण बघता येईल इतकी.

मग एका सकाळी मामांनी पहिल्या नळीत थेंब टाकले. इतके दिवस ते पाणी हिरवं व्हायचं, विषाचं हिरवं. त्यांनी नळी खिडकीशी धरली आणि ओरडले, "पिवळं! अगं, पिवळं आलं!"

तीच नळी, तेच उजेडाकडं धरणं, तोच रंग, ज्याची त्यांनी जन्मभर वाट बघितली होती. फक्त या वेळी तो पिवळा रंग सांगत होता की पाण्यात कुणीतरी जिवंत आहे आणि आपलं काम करतंय. मामा पायात चपला घालायला लागले. "चल नगरला."

"निळं आलं का?" दीनाबाईंनी विचारलं.

दुसरी नळी जांभळी होती, म्हणजे जंतूंच्या दुसऱ्या जातीचं काम अजून बाकी होतं. मामांनी चपला काढल्या. निळं यायला आणखी बरेच दिवस लागले. ते सगळे दिवस मामांनी तक्रार न करता काढले, असं मी म्हणणार नाही, पण काढले.

मासे आणायला मात्र दीनाबाई आधी तयार होईनात. "तुमीच जा," म्हणाल्या. "मेलं तर परत मला सांगू नका." मामा एकटेच गेले. परत आले ते पिशवीत दोन छोटे एंजल घेऊन. सोडले. दोघं बुडाशी जाऊन दबकून राहिले. मामांनी कशाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मासे मधोमध आले. आठवड्यानं वर येऊन खाद्य मागायला लागले. त्यानंतरच्या आठवड्यातही मागत होते.

तेव्हाची ही सकाळ. मामा उठून पुढच्या खोलीत आले तर दीनाबाईंची खुर्ची टाकीकडं तोंड करून, त्यांच्या खुर्चीला चिकटून ठेवलेली होती. टाकीतला दिवा लावलेला होता. दोन कप होते आणि एकावरही बशी नव्हती.

"ह्यांची नावं काय ठिवायची?" मामांनी बसता बसता विचारलं.

"न्हाई ठिवायची आजून. वर्स जाऊ दे."

तेवढ्यात अंगणातल्या नळानं खाकरल्यासारखा आवाज केला, आधी हवा आली, मग पाणी आलं आणि रिकाम्या हंड्यात वाजायला लागलं. मामांचे दोन्ही पाय आपोआप जमिनीवर टेकले. अर्धे उठले सुद्धा. वरच्या आळीचा व्हॉल्व्ह आधी सोडला असेल का? ओटी घेतली असेल का?

दीनाबाईंनी मामांचा हात धरला, नाकाजवळ नेला आणि वास घेतला.

"पानी आलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"आलं," मामा खाली बसत म्हणाले. "ओंकारनं सोडलं."

त्यांनी बशीत चहा ओतला. चहाला कसलाच वास नव्हता, फक्त चहाचा होता. दीनाबाईंनी त्यांचा हात सोडला नाही, त्यामुळं त्यांना बशी एकाच हातानं धरावी लागली आणि थोडा चहा सांडला.